लिनक्समध्ये विंडोजसाठी एक खोली: व्हर्च्युअल मशीनची निवड आणि निगा

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. संगणकावर लिनक्स मिंट आहे आणि रोजचं काम त्यावरच होतं. पण माझ्याकडे जुन्या पेजमेकरच्या फाइलींचा ढीग आहे. युनिकोड रुळायच्या आधीच्या काळातल्या, श्रीलिपीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या. वर्षातून चार-पाच वेळा एखाद्या लेखकाचा फोन येतो, "दुसरी आवृत्ती काढायची आहे, जुनी फाइल असेल ना?" फाइल असते. ती उघडायला विंडोज लागतं, फाँट लागतात आणि यूएसबीचं डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअरचा परवाना असलेली छोटी काडी, लागतं.

या चार-पाच फोनांसाठी दुसरा संगणक ठेवणं परवडत नाही, म्हणून मी लिनक्सच्या आत विंडोजला एक खोली दिली आहे. त्यालाच व्हर्च्युअल मशीन किंवा थोडक्यात व्हीएम म्हणतात. संगणकावरची मूळ यंत्रणा म्हणजे होस्ट, आत राहायला आलेली म्हणजे गेस्ट. तुमचं कारण वेगळं असेल, एखादं हिशेबाचं सॉफ्टवेअर, फक्त विंडोजवर चालणारं डिजिटल सहीचं टोकन, किंवा नवी लिनक्स चाचपून पाहायची हौस. पायऱ्या साधारण त्याच.

मेन्यूंची आणि आज्ञांची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील, आणि टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, लहान अक्षरांतच टाकायची.

१. व्हीएम खरंच हवं का, ते आधी ठरवा

एखादा छोटा विंडोज प्रोग्राम चालवायचा असेल तर आधी वाईन वापरून पाहा. ते विंडोज न बसवताच प्रोग्राम चालवतं, जागा कमी खातं आणि परवाना लागत नाही. पण डोंगल किंवा सहीचं टोकन मागणारे प्रोग्राम वाईनमध्ये सहसा अडतात. मोठे थ्रीडी गेम खेळायचे असतील तर व्हीएमच्या नादी लागू नका, वेगळ्या पार्टिशनवर विंडोज ठेवा. व्हीएम शोभतं ते मधल्या कामांना, जिथे पूर्ण विंडोज हवं पण संगणक बंद-चालू करत बसायचं नाही.

२. संगणक तपासा

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय लागते. इंटेलमध्ये तिला व्हीटी-एक्स म्हणतात, एएमडीमध्ये एएमडी-व्ही. गेल्या दहा वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या संगणकांत ती असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद करून ठेवलेली असू शकते. उबुंटू आणि मिंटवर 'सीपीयू-चेकर' नावाचं पॅकेज घाला आणि टर्मिनलमध्ये 'केव्हीएम-ओके' ही आज्ञा द्या. केव्हीएम (लिनक्समधलं व्हीएम चालवणारं इंजिन) वापरता येईल असं उत्तर आलं तर पुढे जा. नाही म्हणालं तर संगणक पुन्हा सुरू करून बायोसमध्ये शिरा. इंटेलच्या संगणकात 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' शोधा, एएमडीच्या संगणकात 'एसव्हीएम मोड'. हे दुसरं नाव माहीत नसल्यामुळे मी अर्धा तास प्रत्येक पानावर 'व्हर्च्युअल' हा शब्द शोधत होते.

विंडोज ११ला मायक्रोसॉफ्टच्या अटींप्रमाणे किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क लागते. म्हणजे तुमच्या संगणकात ८ जीबी रॅम असेल तर काम निभेल, पण ब्राउझर बंद ठेवून. १६ जीबी असेल तर निवांत. साध्या हार्ड डिस्कवर मात्र विंडोज ११चं व्हीएम चालवणं म्हणजे तपश्चर्या आहे. एसएसडी घ्याच.

३. सॉफ्टवेअर निवडा, वेगापेक्षा डागडुजी पाहून

नवखे लोक विचारतात, सर्वात वेगवान कोणतं? साध्या ऑफिसच्या कामात हा फरक जाणवत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: लिनक्सचं कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, अपडेट झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी हे सॉफ्टवेअर न कुरकुरता सुरू होईल का? मिंट-उबुंटूवर कर्नलची अपडेट दर काही आठवड्यांनी येते, फेडोरावर त्याहून लवकर. तुमचा अनुभव बराचसा यावरच ठरतो.

व्हीएमचं इंजिन कर्नलच्या पोटात बसून काम करतं. केव्हीएम हे इंजिन कर्नलचाच भाग आहे, फेब्रुवारी २००७मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून. कर्नल बदललं की तेही त्याच्याबरोबर बदलतं, वेगळं काही करावं लागत नाही. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर या दुसऱ्या दोन व्हीएम सॉफ्टवेअरची इंजिनं बाहेरून येतात. ती मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) म्हणून प्रत्येक नव्या कर्नलसाठी तुमच्याच संगणकावर नव्याने बांधावी लागतात. बहुतेक वेळा हे आपोआप होतं. होत नाही तेव्हा तुमच्या हातात काम असतं आणि घड्याळ चालू असतं.

केव्हीएम एकटं काही दाखवत नाही. त्याच्याबरोबर क्यूईएमयू असतं, फाब्रिस बेलार यांनी २००३मध्ये आणलेलं. गेस्टला जी खोटी डिस्क, खोटं नेटवर्क कार्ड आणि खोटा पडदा दिसतो तो सगळा त्याचा खेळ. या सगळ्याचा कारभार लिबव्हर्ट नावाची सेवा पाहते, आणि आपण माऊसने वापरतो ती खिडकी म्हणजे व्हर्ट-मॅनेजर. नावं चार असली तरी मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून व्हर्ट-मॅनेजर घातलं की बाकीची मंडळी बहुतेक त्याच्यामागून येतात.

नोम बॉक्सेस हेही याच इंजिनावर चालतं, फक्त खिडकी साधी आहे. आयएसओ फाइल (इन्स्टॉलच्या सीडीची हुबेहूब प्रत) दाखवली, रॅम सांगितली, झालं. एखादी नवी लिनक्स तासभर पाहायची असेल तर मी आजही तेच उघडते. पण डिस्कचा प्रकार बदलणं, डोंगल कायमचं जोडणं असल्या गोष्टींत ते तोकडं पडतं.

व्हर्च्युअलबॉक्सची जमेची बाजू म्हणजे ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर सारखंच दिसतं. इनोटेक या जर्मन कंपनीने सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर २००८मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सकडे आणि सन विकली गेल्यावर २०१०मध्ये ओरॅकलकडे आलं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांनी तयार मशीनची ओव्हीए फाइल दिली असेल, तर वाद न घालता व्हर्च्युअलबॉक्स घ्या. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याचं आहे, पण त्याबरोबरचा 'एक्स्टेन्शन पॅक' तसा नाही. तो व्यक्तिगत वापराला आणि शिक्षणाला मोफत, ऑफिसच्या कामाला पैसे भरून. छोट्या कार्यालयात कोणीतरी सहज तो बसवतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४च्या नोव्हेंबरपासून व्यावसायिक कामालाही मोफत आहे. ऑफिसात आधीपासून तेच असेल तर ठीक. लिनक्सवर नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही, कारण वर सांगितलं तेच, मॉड्यूल बाहेरून येतात.

माझा कौल केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजरला. शिकायला एक रविवार जास्त लागतो, तेवढा द्या. पुढच्या पायऱ्या त्याच्याच आहेत.

४. जमवाजमव

हे हाताशी ठेवा, मगच सुरुवात करा:

- विंडोज ११ची आयएसओ फाइल, थेट मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून. 'तयार सक्रिय केलेली' विंडोज कोणी पेनड्राइव्हवर देऊ केली तरी घेऊ नका.
- व्हर्टिओ-विन नावाची दुसरी आयएसओ फाइल. यात विंडोजसाठी लागणारे ड्रायव्हर असतात. ही नसेल तर पायरी ६मध्ये घोडं अडणार.
- विंडोजची परवाना की. लॅपटॉपबरोबर आलेला ओईएम परवाना त्या लॅपटॉपला बांधलेला असतो, व्हीएमसाठी वेगळा घ्यावा लागतो.
- तुमच्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा सेटअप, आणि असेल तर डोंगल. संगणकाला सीडी ड्राइव्ह नसेल तर कोणाकडून तरी सीडीची आयएसओ करून घ्या. व्हीएमला ती खरी सीडीच वाटते.
- मोकळी जागा, कमीत कमी १०० जीबी.

विंडोज १० घेण्याचा मोह होईल, कारण ते हलकं आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. इंटरनेटला जोडणार असाल तर ११च घ्या.

५. बसवणं

मिंट किंवा उबुंटूवर व्हर्ट-मॅनेजरबरोबर ओव्हीएमएफ आणि एसडब्ल्यूटीपीएम ही दोन पॅकेजं आली आहेत का पाहा. पहिलं गेस्टला यूईएफआय (बायोसची नवी पिढी) देतं, दुसरं टीपीएम २.० या सुरक्षेच्या चिपची नक्कल करतं. विंडोज ११ला दोन्ही लागतात. खरी टीपीएम चिप तुमच्या संगणकात नसली तरी चालतं.

मग स्वतःला 'लिबव्हर्ट' या गटात घाला. मिंटमध्ये 'युजर्स अँड ग्रुप्स'मधून हे माऊसने होतं. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा. हे विसरलं की व्हर्ट-मॅनेजर दरवेळी पासवर्ड मागतं किंवा 'जोडणी होत नाही' म्हणून तोंड फिरवतं, आणि लोक सगळं काढून पुन्हा बसवतात. गटात नाव घातलं तरी चालू सत्राला ते कळत नाही, एवढंच असतं.

पहिल्यांदा मशीन सुरू करताना 'डिफॉल्ट नेटवर्क चालू नाही' असा निरोप आला तर 'एडिट' मेन्यूतून 'कनेक्शन डिटेल्स', तिथून 'व्हर्च्युअल नेटवर्क्स'मध्ये जा, ते चालू करा आणि 'ऑटोस्टार्ट'वर खूण करा.

६. मशीन तयार करणं

नवं मशीन निवडून आयएसओ दाखवा. रॅम आणि प्रोसेसर विचारले जातील. पाहुण्याला सगळं घर देऊन आपण ओट्यावर झोपायचं नसतं: १६ जीबीतले ६ ते ८ जीबी द्या, ८ जीबी असतील तर ४. कोअर निम्मे.

शेवटच्या पानावर 'कस्टमाइझ कॉन्फिगरेशन बिफोर इन्स्टॉल' अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केल्याशिवाय 'फिनिश' दाबू नका. पुढच्या काही गोष्टी विंडोज बसल्यावर बदलणं फार जिकिरीचं होतं.

तिथे चिपसेट क्यू३५ आणि फर्मवेअर यूईएफआय आहे ना, पाहा. टीपीएम यादीत नसेल तर 'ॲड हार्डवेअर'मधून घाला, प्रकार 'इम्युलेटेड', आवृत्ती २.०. डिस्कचा 'बस' (जोडणीचा प्रकार) आणि नेटवर्क कार्डाचं मॉडेल, दोन्ही व्हर्टिओ करा. व्हर्टिओ म्हणजे गेस्टला आपण खोलीत राहतोय हे सांगून टाकणारी हार्डवेअर. खऱ्या कार्डाची नक्कल करायचा खटाटोप वाचतो आणि वेग वाढतो. त्याच खिडकीत दुसरा सीडी ड्राइव्ह घालून त्यात व्हर्टिओ-विनची आयएसओ ठेवा.

प्रोसेसरच्या पानावर 'टोपोलॉजी' उघडा. विंडोज होम फक्त एक सॉकेट ओळखते, प्रो दोन. तुम्ही चार प्रोसेसर दिले आणि ते चार सॉकेट म्हणून गेले तर होमला त्यातला एकच दिसेल, आणि 'चार कोअर देऊनही इतकं मंद का?' म्हणून तुम्ही रॅम वाढवत बसाल. एक सॉकेट, चार कोअर असं लिहा.

आता विंडोज बसवायला सुरुवात करा. डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी दिसेल. घाबरू नका, विंडोजकडे व्हर्टिओचा ड्रायव्हर नसतो. 'लोड ड्रायव्हर' दाबा, व्हर्टिओच्या सीडीत 'व्हायओस्टॉर' फोल्डर, त्यात 'डब्ल्यू ११', त्यात 'एएमडी ६४' निवडा. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हाच फोल्डर. इंटेल आणि एएमडी, दोघांच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरांना तेच नाव चालत आलं आहे. डिस्क दिसायला लागली की तिथेच पुन्हा 'लोड ड्रायव्हर' करून 'नेटकेव्हीएम' फोल्डरमधला नेटवर्कचा ड्रायव्हरही देऊन टाका. नाहीतर पुढे विंडोज ११ इंटरनेट मागेल, ते नसेल, आणि तुम्ही त्याच पानावर अडकाल.

विंडोज सुरू झालं की त्याच सीडीतलं 'व्हर्टिओ-विन-गेस्ट-टूल्स' चालवा. उरलेले ड्रायव्हर एकदम बसतात. त्यानंतर खिडकी ओढली की पडदा मोठा होतो आणि लिनक्समध्ये कॉपी केलेला मराठी मजकूर विंडोजमध्ये चिकटवता येतो. माझ्यासाठी हा दिवस सणाचा होता. मी युनिकोड मजकूर लिनक्सवर तपासते आणि तिकडे नुसता पेस्ट करून फाँटात बदलून घेते.

७. डोंगल, फाइली आणि नेटवर्क

डोंगल जोडायच्या दोन वाटा आहेत. मशीन चालू असताना खिडकीच्या मेन्यूतून 'रिडायरेक्ट यूएसबी डिव्हाइस' करता येतं, पण ते दरवेळी करावं लागतं. रोजचं असेल तर 'ॲड हार्डवेअर'मधून 'यूएसबी होस्ट डिव्हाइस' निवडून कायमचं जोडा. मग मशीन सुरू होताच डोंगल आपोआप आत जातं. मात्र एक दिवस डोंगल घरी विसराल आणि मशीन सुरूच होणार नाही, कारण यादीतलं उपकरण सापडलं नाही की लिबव्हर्ट थांबतं. तेव्हा सेटिंगमधून ते उपकरण काढा, मशीन लगेच सुरू होईल.

फाइलींच्या देवाणघेवाणीला व्हर्टिओ-एफएस ही सोय आहे. त्यासाठी मशीनच्या 'मेमरी' पानावर 'शेअर्ड मेमरी'ला खूण करायची, 'ॲड हार्डवेअर'मधून 'फाइलसिस्टिम' घालायची, आणि विंडोजच्या आत विनएफएसपी नावाचा प्रोग्राम बसवून व्हर्टिओ-एफएसची सेवा चालू करायची. पहिल्या दिवशी हे जमलं नाही तर एक पेनड्राइव्ह डोंगलसारखाच आत-बाहेर करा. कामं अडत नाहीत.

नेटवर्कला हात लावू नका. गेस्टला १९२.१६८.१२२ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो होस्टच्या आडून बाहेर पडतो, इंटरनेट चालतं. 'ब्रिज' करून राउटरकडून थेट पत्ता घ्यायचा बेत असेल तर तार लागते. वायफायवर साधा ब्रिज चालत नाही, कारण राउटर तुमच्या लॅपटॉपखेरीज दुसऱ्या कोणाची माहितीची पाकिटं त्या जोडणीवरून घ्यायला तयार नसतो. यात मी एक शनिवार घालवला आहे, तुम्ही घालवू नका.

माझ्याकडे विंडोज ७चं आणखी एक मशीन आहे, कारण एक जुना प्रोग्राम त्याच्या पुढे चालत नाही. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२०ला संपला. म्हणून त्या मशीनमधून नेटवर्क कार्ड काढूनच टाकलं आहे. जुनी विंडोज ठेवायची तर अशीच, दार बंद करून.

८. जागा: इथे मी आपटले

गेस्टची डिस्क म्हणजे होस्टवरची एक मोठी फाइल, तिचा प्रकार क्यूकाऊ२. तुम्ही १०० जीबी लिहिलं तरी सुरुवातीला ती छोटी असते आणि विंडोज जसजसं लिहील तसतशी फुगते. सोयीचं वाटतं. पण व्हर्ट-मॅनेजर ती ठेवतं 'व्हार' फोल्डरात, 'लिब'मधल्या 'लिबव्हर्ट'मधल्या 'इमेजेस'मध्ये. म्हणजे मूळ पार्टिशनवर. माझं मूळ पार्टिशन ५० जीबीचं होतं आणि माझ्या फाइलींचं 'होम' वेगळं, ऐसपैस. गेस्टला मी १०० जीबी देऊन मोकळी झाले होते.

सप्टेंबरात, एका दिवाळी अंकाच्या मांडणीच्या मध्यात, मशीन गोठलं. माऊस हलेना. मला वाटलं विंडोज अडकलं, म्हणून मी 'फोर्स ऑफ' केलं. खरं तर होस्टची जागा संपली होती आणि क्यूईएमयूने मशीनला शहाण्यासारखं थांबवून ठेवलं होतं. व्हर्ट-मॅनेजरच्या यादीत 'पॉज्ड' असं लिहिलेलंही होतं. मी यादी पाहिलीच नाही. जागा मोकळी करून 'रिझ्यूम' दाबलं असतं तर काम जिथे थांबलं तिथून सुरू झालं असतं. त्याऐवजी २४ पानं पुन्हा लावली.

तेव्हा तीन गोष्टी करा. एक, मशीन तयार करण्याआधीच 'होम'मध्ये किंवा वेगळ्या एसएसडीवर एक फोल्डर करून तो 'स्टोरेज पूल' म्हणून जोडा. 'होम'मधला असेल तर 'या मार्गावर शिरायची परवानगी नाही' असं व्हर्ट-मॅनेजर विचारेल आणि ती द्यायचीही तयारी दाखवेल, 'हो' म्हणा. दोन, डिस्कच्या सेटिंगमध्ये 'डिस्कार्ड मोड' हा 'अनमॅप' ठेवा. त्याशिवाय विंडोजमध्ये फाइली पुसल्या तरी बाहेरची फाइल कमी होत नाही. ही सेटिंग असली की विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्स'मधून ड्राइव्ह ऑप्टिमाइझ केल्यावर जागा होस्टला परत मिळते. तीन, मिंटवर यंत्रणेच्या प्रती ठेवणारं टाइमशिफ्ट वापरत असाल तर इमेजेसचा फोल्डर त्यातून वगळलेला आहे का, ते तपासा. साठ जीबीची सतत बदलणारी फाइल त्यात गेली तर डिस्क बघता बघता भरते.

मशीन गोठलं की आधी यादीतला शब्द वाचा. मग हात उगारा.

९. निगा

*विंडोजची अपडेट.* मायक्रोसॉफ्टची मोठी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते. महिन्यातून एकदाच उघडणारं मशीन पहिला तासभर तुमच्यासाठी नसतंच, ते स्वतःचंच आवरत असतं. मी आता त्या आठवड्यात एकदा चहाच्या वेळी ते नुसतं चालू करून ठेवते.

*स्नॅपशॉट.* मोठं काही बसवण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घ्या. बिघडलं तर मागे जाता येतं. मशीन बंद असताना घेतला तर लहान आणि भरवशाचा. यूईएफआय असलेल्या मशीनचा स्नॅपशॉट लिबव्हर्टच्या जुन्या आवृत्त्या घ्यायलाच नकार देतात. तसं झालं तर मशीन बंद करून डिस्कची फाइल सरळ कॉपी करून ठेवा, काम तेच होतं. काम झालं की आठवड्याभरात स्नॅपशॉट पुसा, नाहीतर जागा खात बसतात. आणि तो बॅकअप नव्हे. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोघं एकत्र जातात.

*बॅकअप.* डिस्कची फाइल बाहेरच्या ड्राइव्हवर ठेवली की झालं, असं वाटतं. विंडोज ११साठी ते अपुरं आहे. मशीनचं वर्णन एका एक्सएमएल फाइलीत असतं ('व्हर्श' या आज्ञेतल्या 'डम्पएक्सएमएल'ने ती मिळते), यूईएफआयच्या नोंदी वेगळ्या फाइलीत आणि नकली टीपीएमची स्थिती आणखी एका फोल्डरात, दोन्ही लिबव्हर्टच्याच फोल्डराखाली. विंडोजमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू झालेलं असेल आणि टीपीएमची स्थिती हरवली, तर नव्या जागी विंडोज रिकव्हरी की मागेल. चारही गोष्टी घ्या, आणि ती की कागदावर लिहून डोंगलच्या डबीत ठेवा.

*व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल तर.* कर्नलचे हेडर आणि डीकेएमएस ही पॅकेजं कायम बसवलेली ठेवा, मॉड्यूल आपोआप बांधलं जातं ते त्यांच्या जोरावर. 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' असा निरोप आला तर बहुधा यांतलंच काहीतरी नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर सुरुवातीला चालू न देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही लागते. बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तो पुन्हा द्यायचा असतो. तो पडदा काही सेकंदच थांबतो, आणि लोक त्याला व्हायरस समजून पुढे जातात. वितरणाचं (म्हणजे मिंट-उबुंटूचं) पॅकेज आणि ओरॅकलचं पॅकेज एकत्र करू नका, एकाच घरचं घ्या. ६.१२ कर्नलपासून केव्हीएम सुरुवातीलाच प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय ताब्यात घेतं, त्यामुळे 'व्हीएमएक्स रूट मोड' असा शब्द असलेली चूक दिसू शकते. केव्हीएमचं मॉड्यूल उतरवलं की ती जाते. नवं कर्नल नीट चालतंय याची खात्री होईपर्यंत जुनं काढू नका, संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेन्यूतून एका रात्रीपुरतं मागे जाता येतं.

१०. व्हर्च्युअलबॉक्समधून केव्हीएमकडे

आधीचं मशीन फेकायची गरज नाही. आधी व्हर्च्युअलबॉक्समध्येच विंडोजमधली 'गेस्ट ॲडिशन्स' काढा आणि विंडोज पूर्ण बंद करा. मग 'क्यूईएमयू-आयएमजी'च्या 'कन्व्हर्ट'ने व्हीडीआय फाइलीची क्यूकाऊ२ करा. नव्या मशीनला ही डिस्क जोडताना जुनं मशीन यूईएफआयवर होतं की बायोसवर ते पाहून तसंच निवडा, नाहीतर डिस्क सुरूच होणार नाही.

आणि डिस्कचा बस लगेच व्हर्टिओ करू नका. विंडोज निळा पडदा दाखवेल, कारण सुरू होण्याआधीच ज्या ड्रायव्हरची गरज आहे तो अजून आत नाही. युक्ती अशी: मुख्य डिस्क साटावर (नेहमीच्या डिस्कच्या बसवर) ठेवा, शेजारी एक जीबीची रिकामी व्हर्टिओ डिस्क जोडा. विंडोज सुरू करून व्हर्टिओचे ड्रायव्हर बसवा आणि ती छोटी डिस्क दिसतेय ना पाहा. मग बंद करा, छोटी काढून टाका, मुख्य डिस्क व्हर्टिओ करा. यानंतर विंडोज 'हार्डवेअर बदललं' म्हणून परवाना पुन्हा मागू शकतं, की हाताशी असू द्या.

११. मशीन काढून टाकताना

काम संपलं, फाइली युनिकोडमध्ये आल्या, मशीन नको झालं. विंडोजमधून सॉफ्टवेअरचा परवाना 'डीॲक्टिव्हेट' करायची सोय असेल तर आधी ती वापरा. मग व्हर्ट-मॅनेजरमध्ये 'डिलीट' निवडा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'डिस्कच्या फाइलीही पुसा' अशी चौकट आहे आणि खाली फाइलींची यादी. नुसतं मशीनचं नाव यादीतून काढायचं असेल तर ती खूण काढा. पुसायचंच असेल तर यादीतली प्रत्येक ओळ वाचा, कारण दुसऱ्या मशीनला जोडलेली डिस्क किंवा जपून ठेवलेली आयएसओही तिथे असू शकते. लिबव्हर्टने पुसलेली फाइल कचऱ्याच्या डब्यात जात नाही.